गोल्फमध्ये शेवटचे तीन फूट इतके अवघड का? पट मारताना नेम नेमका कुठे चुकतो?

७ ऑगस्ट २०२१, शनिवार. संध्याकाळी नीरज चोप्राने टोकियोत ८७.५८ मीटर भाला फेकला आणि सगळा देश नाचला. त्याच दिवशी सकाळी मात्र देश वेगळ्याच कारणासाठी टीव्हीसमोर बसला होता. ज्यांनी आयुष्यात गोल्फची काठी हातात धरली नव्हती, असे लोक 'बर्डी म्हणजे काय' आणि 'पार म्हणजे काय' हे मोबाईलवर शोधत होते. बंगळुरूची अदिती अशोक पदकाच्या दारात उभी होती.

जागतिक क्रमवारीत तेव्हा ती २०० व्या स्थानावर होती. मैदानात ६० खेळाडू होत्या आणि तीन फेऱ्यांनंतर अदिती दुसरी होती. आईने तिची बॅग उचलली होती, म्हणजे आईच तिची कॅडी होती. काही आठवड्यांपूर्वी झालेल्या कोव्हिडमुळे तिच्या फटक्यांत लांबी राहिली नव्हती. तरीही ती टिकून होती, ती एकाच गोष्टीच्या जोरावर: पटिंग. शेवटच्या होलवर तिने मारलेला लांबचा पट भोकाजवळून निघून गेला आणि हिशोब असा झाला: नेली कोर्डा १७ अंडर पार, मोने इनामी आणि लिडिया को १६ अंडर पार, अदिती १५ अंडर पार. चौथा क्रमांक. चार दिवस, ७२ होल, आणि फरक एका फटक्याचा.

तो एक फटका कुठे जातो, कसा जातो, आणि तो वाचवायचा असेल तर नेम कसा धरायचा, हे समजून घेण्यासाठी गोल्फ क्लबचं सभासद असण्याची गरज नाही. परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या गवंड्याला किंवा तिफण धरलेल्या शेतकऱ्याला यातला निम्मा भाग आधीच माहीत असतो. फक्त त्याला कुणी हे पटिंग आहे असं सांगितलेलं नसतं.

पट म्हणजे काय?

गोल्फमध्ये लांबचे फटके मारून बॉल ग्रीनवर आणायचा. ग्रीन म्हणजे भोकाभोवतीचा अगदी बारीक कापलेल्या गवताचा भाग. तिथून पुढे बॉल उडवायचा नाही, गडगडत न्यायचा. त्यासाठी वापरायची सपाट तोंडाची काठी म्हणजे पटर आणि तो हलका फटका म्हणजे पट. अडीचशे मीटरचा जोरदार फटका आणि दोन फुटांचा पट, दोघांचा हिशोब सारखाच: एक फटका. म्हणूनच ज्याचं पटिंग चांगलं, तो अंगाने किरकोळ असला तरी धिप्पाड खेळाडूंना घाम फोडू शकतो.

भोकाचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. बॉलचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर. म्हणजे भोक बॉलच्या अडीचपट रुंद. ऐकायला सोपं वाटतं. पण आता कोनाचा हिशोब बघा.

समजा जमीन सपाट आहे आणि बॉल अगदी मरत्या वेगाने भोकापर्यंत पोचतोय. अशा वेळी बॉलचा मध्य भोकाच्या काठाच्या आत आला की बॉल पडतो. म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना ५४ मिलिमीटरची सूट. तीन फुटांवरून मारताना ही सूट साधारण ३.४ अंशांची होते. आठ फुटांवरून ती सव्वा अंशावर येते. वीस फुटांवरून फक्त अर्धा अंश उरतो.

अर्धा अंश म्हणजे किती? घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात ६ अंश सरकतो. अर्ध्या अंशाला त्याला पाच सेकंद लागतात. पाच सेकंदांत मिनिटकाटा हललेला डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, आणि पटरचं तोंड तेवढं फिरलं तर वीस फुटांवरचा बॉल भोकाच्या काठावर येऊन ठेपतो.

म्हणूनच अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे जगातले सर्वोत्तम खेळाडू तीन फुटांवरून ९६ टक्के पट घालतात, पण आठ फुटांवर गेले की तेच प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास येतं. वीस फुटांवरून १५ टक्के. टीव्हीवर मात्र जो पट पडला तोच पुन्हा पुन्हा दाखवतात, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं की हे लोक चुकतच नाहीत.

हात चुकतो की डोळा?

पट चुकला की खेळाडू पहिला दोष हाताला देतो. 'मनगट वळलं', 'फटका ओढला गेला' वगैरे. २००८ साली यॉन कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७१ तरबेज खेळाडूंचे सुमारे चार मीटरवरून मारलेले तेराशे पट यंत्राने मोजले. बॉल कोणत्या दिशेला निघतो हे कशावर ठरतं, हा प्रश्न होता. उत्तर असं आलं: दिशेतल्या फरकात ८० टक्के वाटा बॉलला स्पर्श होताना पटरचं तोंड कुठे बघत होतं याचा, १७ टक्के वाटा पटर कोणत्या वाटेने आला याचा आणि उरलेला ३ टक्के बॉल पटरच्या तोंडावर नेमका कुठे लागला याचा.

म्हणजे पटर मागे सरळ नेला की कमानीत नेला, यावर खेळाडू तासन्‌तास वाद घालतात, त्याचं महत्त्व त्यामानाने कमी. खरी गोष्ट पटरच्या तोंडाची आहे. ते लक्ष्याच्या रेषेशी काटकोनात हवं. सुतार आणि गवंडी याला 'गुण्यात असणं' म्हणतात, आणि गोल्फसाठी याहून नेमका मराठी शब्द सापडणार नाही. चौकट गुण्यात नसेल तर दार कितीही चांगलं असलं तरी बसत नाही.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त विचार करायला लावणारी आहे. या खेळाडूंच्या हाताचा सरासरी विचलनाचा आकडा ०.३९ अंश निघाला. बाकी सगळं बरोबर असेल, तर एवढ्या स्थिर हाताने चार मीटरवरचे जवळपास ९५ टक्के पट पडायला हवेत. प्रत्यक्षात टूरवरचे व्यावसायिकसुद्धा चार मीटरवरून साधारण ३० टक्क्यांच्या आसपासच घालतात. दोन्ही आकडे वेगवेगळ्या खेळाडूंचे आहेत, त्यामुळे वजाबाकी करून उत्तर काढता येणार नाही. पण मधली दरी एवढी मोठी आहे की एक गोष्ट उघड होते: बहुतेक पट हात हलायच्या आधीच चुकलेला असतो. उतार चुकीचा वाचला गेला, वेग चुकला, किंवा बरोबर वाचूनही पटर भलतीकडे मांडला गेला.

गोटी, तिफण आणि पटर

नेमाचे बहुतेक खेळ आठवा. गोट्या खेळताना पोरगं गोटीच्या मागे उकिडवं बसतं, एक डोळा मिटतं. कॅरममध्ये स्ट्रायकरच्या मागे मान खाली जाते. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेचा डोळा रायफलच्या मागे, नळीच्या रेषेत असतो. परभणीच्या काळ्या रानात जूनमध्ये पेरणी सुरू होते तेव्हा तिफण धरणारा माणूस समोरच्या बांधावरच्या एखाद्या झाडावर किंवा खुणेवर नजर ठेवून चालतो. पहिलं तास सरळ निघालं की बाकीची त्याच्या मागे येतात. ते वाकडं गेलं की कोळपणीपर्यंत सगळं रान वाकडं, आणि येणारा-जाणारा बांधावरून विचारतो, 'कुणी पेरलं रे हे?'

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. डोळा रेषेच्या मागे असतो.

पटिंगमध्ये डोळा रेषेच्या बाजूला असतो. खेळाडू बॉलच्या शेजारी उभा राहतो, खाली बघतो, आणि लक्ष्य त्याच्या डाव्या हाताला कुठेतरी लांब असतं. मान वळवून बघावं लागतं. माणसाचा मेंदू बाजूने बघून सरळ रेष ओळखण्यात फारसा हुशार नाही. डोळे बॉलच्या पलीकडे झुकले तर रेष एका बाजूला सरकल्यासारखी दिसते, बॉलच्या फार आत राहिले तर दुसऱ्या बाजूला. खेळाडूला मात्र शपथेवर वाटत असतं की पटर बरोबर भोकाकडे बघतोय. पटरला लेझर लावला की अनेकांचा हा भ्रम पहिल्या पाच मिनिटांत उतरतो.

या अडचणीवर अमेरिकेच्या सॅम स्नीड या दिग्गज खेळाडूने १९६६ च्या सुमारास रामबाण उपाय काढला होता. छोटे पट त्याच्याकडून चुकायला लागले होते. त्याने सरळ बॉल दोन पायांच्या मध्ये घेतला, भोकाकडे तोंड करून उभा राहिला आणि क्रोकेसारखा पट मारायला लागला. डोळा रेषेच्या मागे, गोट्यांसारखाच. उपाय चालला. पण नियम करणाऱ्यांना तो गोल्फसारखा दिसेना, आणि १९६८ पासून रेषेच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून पट मारायला बंदी आली. ती आजही आहे. स्नीड मग दोन्ही पाय एका बाजूला ठेवून, पण तोंड भोकाकडेच करून मारू लागला. ते चालतं. दिसायला विचित्र वाटतं म्हणून फारसं कुणी करत नाही, हा भाग वेगळा.

मग कॅडीला मागे उभं करून विचारलं तर? अनेक खेळाडू तेच करायचे. खेळाडू उभा राहायचा, मागून कॅडी सांगायचा 'थोडं डावीकडे, बस'. १ जानेवारी २०१९ पासून तेही बंद झालं. खेळाडू पवित्रा घ्यायला लागला की कॅडीने मुद्दाम त्याच्या मागे रेषेत थांबायचं नाही. त्याच महिन्यात दुबईतल्या स्पर्धेत चीनच्या ली हाओतोंगला या नियमाखाली दोन फटक्यांचा दंड बसला, त्यावर गदारोळ झाला आणि पुढच्याच महिन्यात नियमाचं स्पष्टीकरण आणून तो थोडा सैल करावा लागला. मूळ मुद्दा मात्र कायम राहिला: नेम धरणं हे खेळाडूचं स्वतःचं काम आहे.

आधी उतार, मग रेष

घरातली मोरी आठवा. फरशी डोळ्यांना सपाट दिसते, पण पाणी सांडलं की ते बरोबर मोरीकडे जातं. ग्रीनचंही तसंच असतं. पावसाचं पाणी साचू नये म्हणून तिला कुठे ना कुठे उतार दिलेला असतोच. भोकाजवळ उभं राहून 'इथे बादली ओतली तर पाणी कुठे जाईल' असं स्वतःला विचारणं ही उतार वाचण्याची सगळ्यात जुनी आणि अजूनही चांगली पद्धत आहे. बॉलही तिकडेच वळणार.

आजकाल काही खेळाडू रेषेवर पाय फाकवून उभे राहतात आणि तळपायांना कोणत्या बाजूला जास्त वजन जाणवतं यावरून उतार ठरवतात. अनवाणी चालणाऱ्याला हे नवीन नाही. रात्री अंधारात अंगणातून चालतानाही पायाला चढ-उतार कळतोच. काही जण पटर दोन बोटांत लोंबकळत धरून एक डोळा मिटतात. हा सरळसरळ गवंड्याचा ओळंबा. फरक एवढाच की गवंड्याच्या ओळंब्यावर कुणी शंका घेत नाही, आणि गोल्फमधल्या ओळंब्याबद्दल जाणकारांत अजिबात एकमत नाही. बॉल आणि भोक यांच्यामध्ये उतार बदलत असेल तर ही युक्ती फसवते.

गवताचाही हात असतो. भारतातल्या बहुतेक ग्रीनवर बर्म्युडा जातीचं गवत असतं. नाव परदेशी वाटतं, पण वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन, म्हणजे आपली हराळी. गणपतीला वाहतात ती दूर्वा हीच, आणि कापसाच्या रानात शिरली की शेतकऱ्याला रडवते तीही हीच. ग्रीनसाठी तिच्या बुटक्या संकरित जाती वापरतात आणि तीन-चार मिलिमीटरवर कापतात. हराळी एका दिशेला लोळते. बॉल तिच्या लोळण्याच्या दिशेने गेला तर पळतो, उलट गेला तर अडखळतो, आडवा गेला तर किंचित ओढला जातो. एका बाजूने गवत चकचकीत दिसत असेल तर ते आपल्यापासून दूर लोळलंय, गडद दिसत असेल तर आपल्याकडे.

इथे एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. उतारावर बॉल वळतो, म्हणून पटही वळवून मारायचा असतो, असं नवख्यांना वाटतं. तसं नसतं. पट नेहमी सरळच मारायचा असतो, फक्त भोकाकडे नाही. बॉल कुठून वळायला लागेल तो बिंदू धरायचा आणि त्या बिंदूकडे सरळ मारायचं. वळवण्याचं काम जमीन करते. एका वेळी दोघांनी वळवलं की बॉल भलतीकडेच जातो.

नवखे खेळाडू उतार बहुतेक वेळा कमी धरतात. त्यामुळे बॉल भोकाच्या खालच्या बाजूने निसटतो. गोल्फच्या भाषेत या बाजूला हौशी लोकांची बाजू म्हणतात आणि वरच्या बाजूला व्यावसायिकांची. टोमणा आहे, पण त्यात तथ्य आहे. वरच्या बाजूला असलेला बॉल मंदावताना उताराने भोकाकडे येत असतो, त्याला शेवटपर्यंत संधी असते. खालच्या बाजूला गेलेला बॉल प्रत्येक इंचाला भोकापासून लांबच जातो.

वेगाचं काय?

नेमाच्या लेखात वेग कशाला, असं वाटेल. पण वेग ठरल्याशिवाय रेष ठरतच नाही. तोच उतार, तोच पट, जोरात मारला तर बॉल कमी वळतो, हळू मारला तर जास्त. एका पटाच्या अनेक बरोबर रेषा असू शकतात, प्रत्येकीचा वेग वेगळा.

शिवाय वेग वाढला की भोक लहान होतं. खरोखर नव्हे, पण बॉलच्या दृष्टीने. ब्रायन होम्स या भौतिकशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये हिशोब मांडला की भोकाच्या बरोबर मध्यावरून जाणारा बॉलही सेकंदाला १.६३ मीटरपेक्षा जास्त वेगाने आला तर भोक ओलांडून जातो. मध्यापासून जरा बाजूला असेल तर त्याहून कमी वेगही पुरतो. काठाला लागून गरकन फिरून बाहेर येणारे पट असतात ते हेच. मरत्या वेगाच्या पटाला १०८ मिलिमीटर मिळतात, ठोकलेल्या पटाला फक्त मधली फट.

ग्रीन किती वेगवान आहे हे मोजायचं साधनही मजेशीर आहे. एडवर्ड स्टिम्पसन या हौशी खेळाडूने १९३५ मध्ये एक खाच असलेली पट्टी बनवली. तिच्यावर बॉल ठेवायचा, एक टोक हळूहळू उचलायचं, ठराविक कोनाला बॉल आपोआप सुटतो आणि सपाट ग्रीनवर किती फूट गडगडतो ते मोजायचं. आठ-दहा फूट म्हणजे रोजच्या खेळाची ग्रीन. मोठ्या स्पर्धांत हा आकडा त्याहून बराच पुढे जातो.

प्रत्यक्ष मांडणी

नेम धरण्याचं काम बॉलच्या मागे उभं राहूनच संपवायचं असतं. तिथे डोळा रेषेच्या मागे असतो, म्हणजे गोटीच्या जागी. बॉलजवळ बाजूला गेल्यावर नवा नेम धरायला बसलं की डोळे फसवणारच. बरेच चांगले खेळाडू मागून रेष ठरवताना बॉलच्या पुढे वीत-दीड वीत अंतरावर एखादी खूण शोधतात. गवताचं पिवळं पातं, जुना ठिपका, काहीही. लांबच्या भोकाकडे पटर रोखण्यापेक्षा वीतभर पुढच्या खुणेकडे रोखणं कितीतरी सोपं. गवंडी वीस फुटांची भिंत डोळ्यांनी सरळ धरत नाही. तो दोन टोकांना खुंट्या मारून सूत ताणतो आणि हातातली वीट त्या सुताला लावतो.

बॉलवर पेनने एक रेष काढून ती लक्ष्याकडे लावून ठेवणं नियमात बसतं. अनेक व्यावसायिक तसं करतात. काहींना मात्र ती रेष त्रासच देते. वरून बघताना ती जराशी तिरपी वाटते, मग उठ-बस सुरू होते, आणि मागे थांबलेल्या लोकांचे चेहरे बदलायला लागतात. ज्याला रेषेने शांत वाटतं त्याने ती वापरावी, ज्याला अस्वस्थ वाटतं त्याने बॉल उलटा ठेवावा.

नंतरचा क्रम महत्त्वाचा आहे आणि बहुतेक नवखे इथेच उलटं करतात. ते आधी पाय रोवतात आणि मग पटर टेकवतात. पाय जिकडे गेले तिकडे पटर ओढला जातो. आधी पटरचं तोंड खुणेशी गुण्यात मांडायचं, मग त्या पटरच्या हिशोबाने पाय आणि खांदे लावायचे. चौकट आधी, दार नंतर. पाय किंचित उघडे राहिले तरी फारसं बिघडत नाही, खांदे आणि हातांचा पुढचा भाग मात्र रेषेला समांतर हवा, कारण पटर त्यांच्या वाटेने फिरतो.

डोळे साधारण बॉलच्या बरोबर वर किंवा किंचित आत, म्हणजे आपल्या पायांच्या बाजूला. तपासायची सोपी रीत: पवित्रा घेऊन नाकाच्या वरच्या टोकापासून, दोन डोळ्यांच्या मधून, एक बॉल सोडून द्यायचा. तो कुठे पडतो ते बघायचं. लक्ष्याकडे बघताना डोकं उचलायचं नाही, हनुवटी वळवल्यासारखं जागच्या जागी फिरवायचं. डोकं उचललं की रेष बदलते, आणि परत खाली बघितल्यावर पटर 'चुकल्यासारखा' वाटून खेळाडू तो हलवतो. बरोबर मांडलेला पटर असा शेवटच्या क्षणी बिघडतो.

उजवा-डावा डोळाही बघून ठेवावा. हात लांब करून दोन तळव्यांमध्ये छोटं त्रिकोणी भोक करायचं, त्यातून लांबचं घड्याळ किंवा दिवा बघायचा आणि एकेक डोळा मिटायचा. जो डोळा उघडा असताना घड्याळ भोकातच राहतं, तो प्रबळ डोळा. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा डोळा प्रबळ असेल तर बॉल जरा पुढे ठेवून बघायला हरकत नाही.

आणि मग शांत राहायचं. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या जोन विकर्स यांनी १९९२ मध्ये पट मारणाऱ्यांची नजर यंत्राने टिपली. तरबेज खेळाडूंची नजर शेवटी बॉलवर स्थिर व्हायची, दोन सेकंदांच्या आसपास तिथेच राहायची आणि बॉल निघून गेल्यावरही क्षणभर त्याच जागी असायची. नवख्यांची नजर बॉल, भोक, पटर, पुन्हा भोक अशी भिरभिरत होती. विकर्स यांनी याला 'शांत डोळा' म्हटलं आणि पुढे नेमबाजीपासून बास्केटबॉलपर्यंत त्यावर अभ्यास झाले. याला अपवाद नाहीत असं नाही. २०१५ चा मास्टर्स जिंकणारा जॉर्डन स्पीथ छोटे पट मारताना चक्क भोकाकडे बघायचा. पण त्याचीही नजर एकाच जागी स्थिर असायची.

क्रम मोडला की काय होतं, याचं सगळ्यात क्रूर उदाहरण १९७० चं. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजवर ब्रिटिश ओपनच्या शेवटच्या होलवर डग सँडर्सला विजेतेपदासाठी जेमतेम अडीच-तीन फुटांचा पट घालायचा होता. तो पवित्रा घेऊन उभा राहिला. रेषेवर त्याला काहीतरी दिसलं, खडा असावा असं वाटलं. तो पाय न हलवता तसाच वाकला. ते वाळलेलं गवताचं पातं निघालं. बघणारे हसले. सँडर्सने मागे जाऊन पुन्हा रेष धरली नाही, तसाच पट मारला. बॉल उजवीकडून निसटला. दुसऱ्या दिवशी प्ले-ऑफमध्ये तो जॅक निकलसकडून एका फटक्याने हरला. सँडर्सला मोठी स्पर्धा पुढे कधीच जिंकता आली नाही.

परभणीत बसून सराव कसा करायचा?

महाराष्ट्रात गोल्फ म्हटलं की डोळ्यांसमोर मुंबईचं विलिंग्डन, चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी क्लब, येरवड्याचा पूना क्लबचा कोर्स येतो. सिडकोने खारघरला सभासद नसलेल्यांनाही पैसे भरून खेळता येईल असा कोर्स केला. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिम्पिकमध्ये खेळला, अनिर्बान लाहिरीचा जन्मही पुण्याचा. सेलू, जिंतूर, गंगाखेडहून हे सगळं लांब आहे. पण चेंबूरच्या त्या क्लबशेजारच्या वस्त्यांमध्ये कॅडीचं काम करणारी मुलं लोखंडी सळई वाकवून काठी बनवतात आणि प्लास्टिकच्या बॉलने गल्लीबोळांत गोल्फ खेळतात. ड्राइव्ह मारायला दोनशे मीटर मोकळी जागा लागते. पटिंगला एक खोली पुरते.

त्यातही आपल्या घरांमध्ये एक फुकटची सोय आहे: फरशीचा सांधा. टाइल्स बसवणाऱ्याने सूत लावूनच काम केलेलं असतं, म्हणजे सरळ रेष आयती मिळाली. सांध्यावर बॉल ठेवायचा, आडव्या सांध्याला पटरचं तोंड समांतर आहे का बघायचं, आणि सांध्यावरून बॉल घरंगळत न्यायचा. उघड्या फरशीवर बॉल फार पळतो, म्हणून सराव सतरंजीवर किंवा पातळ चटईवर करावा आणि चटईची कड सांध्याला लावावी. भोकाऐवजी आडवा ठेवलेला स्टीलचा पेला. त्याचं तोंड खऱ्या भोकापेक्षा बरंच लहान असतं, त्यामुळे पेल्यात पट पडायला लागला की भोक परातीएवढं दिसायला लागतं. मोरीच्या दिशेने आणि मोरीपासून उलट मारून बघितलं की घराचा उतारही कळतो.

दिशा खरोखर सरळ निघते का हे तपासायला दरवाजा करावा. बॉलपुढे वीतभर अंतरावर बॉल जेमतेम जाईल एवढी फट ठेवून दोन पेन्सिली किंवा दोन डाव उभे करायचे आणि त्यांच्यामधून बॉल काढायचा. डावीकडची पेन्सिल सारखी पडत असेल तर पटरचं तोंड डावीकडे बघतंय. इथे उताराचं, गवताचं, नशिबाचं काही कारण चालत नाही. दुसरा उपाय म्हणजे दोन खिळ्यांना बांधलेलं सूत, बॉलच्या बरोबर वर सहा इंचांवर ताणलेलं. पवित्रा घेतल्यावर सुताने बॉल मधोमध झाकला तर डोळे रेषेच्या वर आहेत. सूत बॉलच्या एका बाजूला दिसलं तर डोकं कुठे सरकलंय ते लगेच कळतं. बॉलखाली एक रुपयाचं नाणं ठेवून, बॉल गेल्यावर नाणं दिसेपर्यंत मान न उचलणं हा 'शांत डोळ्या'चा सगळ्यात स्वस्त सराव.

दहा मिनिटं पुरतात. तीन फुटांवरून पन्नास पट मारण्यात काहीच थरार नाही, त्यामुळे या सरावाचे रील्स कुणी बनवत नाही. तीस फुटांवरून पडलेल्या एका पटाला लाखो व्ह्यूज मिळतात, आणि तो खेळाडूही पुढच्या दहा प्रयत्नांत पुन्हा तो घालेलच असं नसतं.

आणि हे सूत, पेन्सिली, खिळे सरावापुरतेच. स्पर्धेच्या फेरीत नेम धरायला काठी किंवा दोरी जमिनीवर मांडली तर दंड बसतो. तिथे सोबत फक्त बॉलवरची एक रेष नेता येते.